गुरुवारची आडवी ओळ

लग्नाच्या हॉलमध्ये मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन लांबच्या एका मावशींनी विचारलं, "अगं, त्याला कुठेशी टाकलंत म्हणे?"

मी चटकन म्हणाले, "टाकला नाही हो मावशी, ठेवलाय. कोथरूडला. छान सोय आहे."

घरी येताना रिक्षात मला मावशींचं 'टाकलंत' खुपलं नाही. त्या बिचाऱ्या जुन्या वळणाच्या. खुपत राहिलं ते माझंच 'ठेवलाय'. दागिने लॉकरमध्ये ठेवतात, लोणचं बरणीत ठेवतात, गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतात. 'तो तिथे राहतो' हे साधं वाक्य माझ्या तोंडी यायला त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष गेलं.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय ४३, कानांवरचे केस पांढरे, पायात नेहमी एकाच प्रकारच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्याला विचारलं, "तुझं नाव लिहू का?" त्याने खिशातून लाल कार्ड काढून माझ्या नाकासमोर धरलं. लाल म्हणजे नको. म्हणून या लेखात त्याला नाव नाही. त्याला प्रश्न कितपत कळला, अशी शंका तुम्हाला येईल. मलाही आली होती. पण लाल कार्ड दिसलं की थांबायचं हे मी फार उशिरा आणि फार कष्टाने शिकले आहे, ते या लेखासाठी मोडणार नाही.

त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि सोबत बौद्धिक अक्षमता. लहानपणीच्या फायलीत 'मतिमंद' असं टाइप केलेलं आहे, नंतर तो 'विशेष मूल' झाला, अलीकडे 'दिव्यांग'. या सगळ्यात मला सर्वात जास्त चीड 'विशेष मूल' या शब्दाची येते. दाढी करणाऱ्या माणसाला मूल म्हणायचं आणि मग तो मुलासारखा वागत नाही म्हणून घाबरायचं, हा काय प्रकार आहे? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'वर्तनसमस्या' असं असायचं. आमच्या घरातला शब्द वेगळा होता. आम्ही म्हणायचो, "त्याचं सुरू झालं."

सुरू झालं म्हणजे आधी डावं मनगट चावणं. तिथली कातडी वर्षानुवर्षं चावून टाचेसारखी घट्ट झाली आहे. मग डोकं भिंतीवर. मग जे हाताला येईल ते समोरच्याच्या अंगावर, आणि समोर बहुतेक वेळा आई. आमचं सहकारनगरचं घर त्या हिशोबानेच घडत गेलं होतं. काचेचं भांडं वीस वर्षांत घरात आलं नाही. कपाटाचा आरसा काढून तिथे प्लायवूड ठोकलं होतं. विळी आणि सुऱ्या गोदरेजच्या कपाटात, किल्ली आईच्या कमरेला. पाहुणे येईनासे झाले, आणि खरं सांगायचं तर आम्हीच बोलावेनासे झालो.

बाबा होते तोवर त्यांच्या अंगात जोर होता. ते त्याला मागून मिठी मारून धरायचे, दोघं घामाघूम व्हायचे, मग तो शांत व्हायचा आणि बाबा गॅलरीत जाऊन उभे राहायचे. २०१९ मध्ये बाबा गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत एका दुपारी आई त्याच्या आणि गॅलरीच्या दाराच्या मध्ये आली आणि त्याने तिला ढकललं. तिचं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाथरूममध्ये घसरले." त्या रात्री प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ती म्हणाली, "इतकी वर्षं माझ्यापश्चात याचं काय, हे विचारत होते. आता माझ्यादेखत याचं काय ते सांग."

सल्ले देणारे पुष्कळ होते. एकाने थेट "येरवड्याला दाखवा" म्हटलं. पुण्यात येरवडा म्हटलं की एक तर तुरुंग, नाही तर मनोरुग्णालय, तिसरा अर्थ कोणी काढत नाही. बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोविकार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराची व्याख्या करताना ती सरळ वगळली आहे. पण हे लग्नात मठ्ठा पिताना कोणाला सांगणार. आम्ही मुळशीकडे कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज ही अशा प्रौढांची निवासी संस्था पाहून आलो. हिरवंगार, शांत, माणसं प्रेमळ. आईला फार आवडलं. हा मात्र गाडीतून उतरला, आजूबाजूला पाहिलं आणि परत गाडीत जाऊन बसला. त्याला पंखा लागतो, बस लागते, रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या लागतात. तो पेठेत जन्मलेला माणूस आहे. ती जागा वाईट नव्हती, ती त्याची नव्हती, आणि त्याची आवडनिवड हा मुद्दा असू शकतो हे तोवर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग एका लहानशा संस्थेची माहिती मिळाली. पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका साध्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट. राहणारे तिघे पुरुष, तिघेही तिशी-चाळिशीतले, तिघांच्याही घरी आमच्यासारखंच 'सुरू' होणारं. पाळीने येणारे मदतनीस, रात्री एक जण मुक्कामाला. आठवड्यातून दोनदा एक मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे सर म्हणतात. स्वयंपाकाला मावशी येतात, पण भाजी आणायची, चिरायची, कपडे वाळत घालायचे, हे तिघांनी करायचं, मदतनीस फक्त बाजूला उभे. बाहेर संस्थेची पाटी नाही. दारावर तीन आडनावं, घंटा, आणि आत प्रत्येकाच्या खोलीला कडी. आतून.

त्या कडीवर मी पहिल्याच दिवशी सरांशी भांडले. आतून कडी लावून त्याने डोकं आपटलं तर? सर म्हणाले, बाहेरून उघडायची सोय आहे, पण ती वापरली की वहीत कारण लिहावं लागतं. मग त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम १९ सांगितलं: कुठे राहायचं, कोणाबरोबर राहायचं, हे निवडायचा हक्क. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केलाय म्हणे. मी म्हणाले, "सर, त्याला चहा हवा की कॉफी हे सांगता येत नाही." ते म्हणाले, "सांगता येत नाही, की कोणी विचारलं नाही?"

मला राग आला. रागाचं कारण मला दोन आठवड्यांनी कळलं. आमच्या घरी त्याला काहीच मागावं लागत नव्हतं. तो स्वयंपाकघराकडे वळला की आई पाणी पुढे करायची. त्याने पायाची बोटं हलवली की मी मोजे काढायचे. त्याचं मन वाचण्यात आम्ही दोघी इतक्या तरबेज झालो होतो की त्याला बोलायचं कारणच उरलं नव्हतं. आणि जे आम्ही करायचो ते त्याला नको असेल तेव्हा? तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द शिल्लक होता, आणि तो तो मनगटावर दातांनी लिहायचा.

तिथे त्याला पहिलं शिकवलं ते लाल कार्ड. 'हवं', 'दे', 'शू' यातलं काहीही नाही, आधी 'नको'. सरांनी त्यामागचं संशोधन सांगितलं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरंड या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चार मुलांवर काम करून दाखवलं होतं की मूल आदळआपट कशासाठी करतं हे आधी शोधायचं, आणि तेच मागण्याचा सोपा रस्ता त्याच्या हाती द्यायचा. मग आदळआपट कमी होते. ऐकायला सोपं आहे. घरात राबवायला फार कठीण, कारण अट अशी की कार्ड दाखवलं की समोरच्याने खरंच थांबायचं. दर वेळी. एकदा जरी "असं काय करतोस, एवढा घास खा" म्हटलं की कार्डाची किंमत गेली.

त्याला ते उमगलं तेव्हा त्याने अक्षरशः कार्डांचा पाऊस पाडला. ब्रश नको. पोळी नको. दुसऱ्याची खुर्ची शेजारी नको. मी नको. (मला तीन भेटींत लाल कार्ड मिळालं आणि मी जिना उतरून परत गेले.) आणि आंघोळ नको. चार दिवस.

चौथ्या दिवशी आईने फोनवर विचारलं, "आज काय जेवला?" मदतनीसाने सांगितलं, वरण-भात. "आणि आंघोळ?" "नाही झाली आजी." पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "पारोशाने जेवायला बसवता?" तिच्या आवाजात जो धक्का होता तो मनगट मोडलं तेव्हाही नव्हता. तिने मला गाडी काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा तो गॅलरीत बसला होता, अंगाला वास येत होता, आणि मनगटावर ओला व्रण नव्हता. चार दिवसांत एकदाही चावला नव्हता. आई त्याचं मनगट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. पाचव्या दिवशी मदतनीसाने बादली आणि तांब्या दाखवला, मग शॉवर दाखवला. त्याने बादलीकडे बोट केलं. घरी आम्ही त्याला सतरा वर्षं शॉवरखाली उभं करत होतो. पाणी वरून पडलेलं त्याला आवडत नव्हतं. बस, एवढंच.

कपबशांचं प्रकरण त्याच सुमाराचं. तिथे चहा चिनी मातीच्या कपबशीतून देतात. मी म्हणाले, अहो, फोडेल. फोडली. पहिल्या महिन्यात तीन. मदतनीस सुपली आणि केरसुणी आणून देत, तुकडे स्वतः वेचत, बारीक चुरा त्याला गोळा करायला लावत. चौथा कप अजून आहे. कानाला बारीक टवका उडालेला, निळ्या फुलांचा. अपंग माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवणं म्हणजे त्याचा मान काढून घेणं, असं रॉबर्ट पर्स्के नावाच्या माणसाने १९७२ मध्येच लिहून ठेवलंय हे मला नंतर कळलं. त्याने 'धोका पत्करण्याची प्रतिष्ठा' असा शब्द वापरला होता. मला प्रतिष्ठा वगैरे तेव्हा दिसली नाही. मला एवढंच दिसलं की भाऊ दोन्ही हातांनी कप धरतो आणि बशीत ठेवताना आवाज होऊ नये म्हणून श्वास रोखतो. वीस वर्षं स्टीलचा पेला आदळणाऱ्या माणसाला आपण आदळतोय हे कळणार कसं? स्टील फुटतच नाही.

आता वहीबद्दल. दोनशे पानी साधी वही, पानावर तीन रकाने आखलेले: आधी, काय, नंतर. सुरू झालं की मदतनीसाने लिहायचं. 'चिडला', 'हट्ट केला' असं लिहायला बंदी. काय दिसलं ते लिहायचं: कोण कुठे होतं, काय आवाज होता, किती वाजले, शेवटचं कधी खाल्लं, पोट साफ झालं होतं का, आणि नंतर कोणी काय केलं. आधी सरांनी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. एक दाढ किडलेली निघाली, भूल देऊन काढली, आणि भिंतीवर डोकं आपटणं बरंच कमी झालं. दाढ दुखते हे सांगता येत नसेल तर माणूस दुसरं काय करेल, याचा विचार मी इथे फार करत नाही, कारण केला की पुढचं लिहून होणार नाही.

दाढ गेली तरी काही शिल्लक राहिलं. तीन महिन्यांनी सरांनी वही उघडून आम्हाला बसवलं. म्हणाले, "उरलेले बहुतेक प्रसंग गुरुवारचे आहेत. गुरुवारी काय असतं?"

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं. पुण्यात गुरुवारी काय असतं हे कोणा पुणेकराला विचारायची गरज नाही. दुरुस्तीसाठी लाइट जाते, आणि बरेचदा पाणीही. सकाळी दहाला गेलेली लाइट तीन-चारला येते. आणि लाइट गेली की पंखा बंद. हा माणूस आयुष्यभर पंख्याकडे बघत जगलाय. छताचा पंखा फिरत असला की त्याचा श्वास त्याच्या लयीत चालतो. तो पंखा मध्येच, कोणीही न सांगता, थांबतो.

आईला एक सवय आहे. दुधाचा हिशोब ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, आणि जुनी कॅलेंडरं फेकत नाही, सुतळीने बांधून माळ्यावर टाकते. आणखी एक गोष्ट ती लिहायची. ज्या दिवशी त्याचं सुरू झालं त्या तारखेवर लाल पेनाने फुली. कशासाठी, तर अमावास्या-पौर्णिमेशी जुळतं का बघायला. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. आणि जुळायचं! म्हणजे जुळलेल्या तेवढ्या फुल्या लक्षात राहायच्या, बाकीच्या दुधाच्या हिशोबात बुडून जायच्या.

त्या रात्री मी स्टूल घेऊन माळ्यावरून गठ्ठा काढला. आपल्या कॅलेंडरात वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि प्रत्येक वाराच्या तारखा त्याच्यासमोर आडव्या जातात. २०१८ चा मे महिना उघडला. सात फुल्या. अमावास्येच्या काळ्या टिकलीजवळ एक. आणि चार फुल्या एका रांगेत, पट्टीने आखल्यासारख्या, 'गुरु'च्या ओळीत. पुढचं पान. मागचं पान. सगळ्या पानांवर इतकं स्वच्छ नव्हतं, पण एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. आई चष्मा लावून शेजारी बसली होती. तिने बोट त्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं, जसं पोथी वाचताना फिरवते. मग म्हणाली, "मी चंद्र बघत बसले."

त्यावर मी काय बोलणार? फुल्या तिने मारल्या होत्या म्हणून तरी दिसल्या. मी तर तेवढंही केलं नव्हतं. मला वाटायचं, मी त्याला जन्मापासून ओळखते, मला वही कशाला हवी. प्रेमाच्या माणसांचं हे असंच होतं बहुतेक. आम्ही त्याचा स्वभाव शोधत राहिलो, त्याचा दिवस कोणी पाहिला नाही.

फ्लॅटमध्ये उपाय काय केला, तर फार काही नाही. बुधवारी संध्याकाळी भिंतीवरच्या त्याच्या दिनक्रमाच्या पट्टीवर एक चित्र चिकटवतात: पंखा, त्यावर काट. बॅटरीचा छोटा पंखा चार्ज करून ठेवतात. आणि गुरुवार हा बाहेर पडायचा दिवस ठरवून टाकला. साडेनऊला निघायचं, चालत वनाज, मेट्रो. मेट्रोत लाइट जात नाही.

मेट्रोने त्याच्यासाठी जे केलं ते आम्ही चाळीस वर्षांत केलं नव्हतं, आणि हे मी जरा असूयेनेच लिहिते आहे. तो फार थोडे शब्द बोलतो. पण ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो, आवाजासकट. 'पुढील स्टेशन' म्हणणाऱ्या त्या बाईंच्या आवाजात, त्याच चढउतारात, तो म्हणायला लागला: आनंदनगर. आयडियल कॉलनी. नळस्टॉप. गरवारे कॉलेज. तेव्हा मेट्रो गरवारेपर्यंतच होती, आणि त्याची यादीही तिथेच संपायची, मग तो टाळी वाजवायचा. १ ऑगस्ट २०२३ ला मेट्रो पुढे रुबी हॉलपर्यंत सुरू झाली. सगळं पुणं खूश. आम्ही मात्र धास्तावलो, कारण आता गाडी गरवारेला संपणार नव्हती. मदतनीस दादाने आठवडाभर आधी कागदावर नवी स्टेशनं लिहून भिंतीवर लावली, रोज त्याच्याबरोबर बोट ठेवून वाचली. तरी त्या गुरुवारी गरवारेला तो उठला, दाराशी गेला, लोक चढले, दार लागलं, गाडी हलली. दादा सांगतो, त्याने मनगट तोंडाशी नेलं. मग खाली आणलं. मग म्हणाला, बाईंच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात: "अजून आहे."

आज त्याची यादी रामवाडीपर्यंत जाते. टाळी तिथे वाजते.

पुण्याच्या १ ते ४ ची आपण सगळे थट्टा करतो. माझ्या भावाला विचारा. ज्याला जग कधी काय करेल याचा भरवसा नाही, त्याला एक म्हणजे एक वाजता शटर खाली ओढणारा दुकानदार देवासारखा वाटतो. त्यांच्या गल्लीतला वाणी हा असा देव आहे. पाऊण वाजता भाऊ कोथिंबीर आणि शेंगदाणे घ्यायला जातो, पैसे मोजून देतो, आणि शटर खाली येईपर्यंत समोर उभा राहून ते बघतो. वाणी आता त्याच्यासाठी थोडं सावकाश ओढतो.

हे सगळं गोड वाचताना कोणाला वाटेल की सगळं सुरळीत झालं. तसं नाही. पहिल्याच वर्षी गणपतीत सोसायटीच्या मंडळाने स्पीकर नेमका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली लावला. तिसऱ्या दिवशी त्याने मदतनीसाच्या दंडाला चावा घेतला, तो सोडवेपर्यंत रक्त आलं, आणि खिडकीची काच गेली. खाली माणसं जमली. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली, तिच्यात 'उपद्रव' हा शब्द होता. बैठकीला मी गेले होते. वीस जणांसमोर आपल्या भावाबद्दल तो तिथे नसताना बोलणं, ते ऐकणं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक गृहस्थ म्हणाले, "आमची हरकत नाही हो, पण इथे लहान मुलं आहेत." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. भीती खरी होती. चावाही खराच होता. शेवटी स्पीकर पलीकडच्या भिंतीला गेला, आणि विसर्जनाला तिघांना दोन दिवस शहराबाहेर न्यायचं ठरलं. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्यात राहायचं कोणी? ज्यांचा चावा घेतला ते दादा पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामावर आले. बार्शीकडचे आहेत. मी हात जोडले तर म्हणाले, "ताई, त्याने आधी तीनदा लाल कार्ड दाखवलं होतं. ढोलाच्या नादात मला दिसलं नाही. ते वहीत लिवलंय मी." दोन घरं आजही जिन्यात भेटली तर बोलत नाहीत. चालायचंच.

पैशाबद्दलही बोलायला हवं, कारण असले लेख वाचून लोकांना वाटतं की इच्छा असली की झालं. वाड्यातल्या आमच्या खोलीचे पैसे आले होते आणि आईला बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन आहे, म्हणून आम्हाला हे जमलं. अपंगांसाठीच्या सरकारी राष्ट्रीय न्यासाची निवासाची घरौंदा योजना कागदावर आहे, निरामय विम्यातून वर्षाला लाखापर्यंत उपचार होतात, पण पाळीने येणाऱ्या माणसांचे पगार त्यातून निघत नाहीत. आमच्याच ओळखीतल्या दोन घरांत आजही आई आणि चाळिशीचा मुलगा एका खोलीत आहेत आणि विळी कपाटात आहे. त्यांना मी काय सांगू? वही आखायला सांगितली. तेवढं फुकट आहे.

आणि माझं? मी ५१ वर्षांची आहे. पंचविशीपासून कोणी विचारलं की मी सांगायचे, "मला भाऊ आहे, म्हणून." म्हणून बंगळूरची नोकरी नाही घेतली. म्हणून लग्न नाही. ते सगळं खरं होतं का, हे मी आता तपासून बघते, तर काही खरं होतं आणि काहींच्या आड मी मजेत लपले होते. तो तिकडे राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी आईने काचेचे सहा ग्लास आणले. आम्ही दोघींनी त्यातून सरबत घेतलं. ग्लास हातात किती हलका लागतो! मग आई दुपारी झोपली, दार उघडं टाकून, घोरत. मी हॉलमध्ये बसून होते आणि मला काय करावं ते सुचेना. कान आतल्या खोलीकडे. तिकडे कोणी नव्हतं.

एकदा त्याच्याकडे गेले असताना मदतनीसाने त्याला विचारलं, "चहा की सरबत?" आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा." दादा हसून म्हणाले, "ताई, त्याच्या वाटणीचं उत्तर तुम्ही लय घाईनं देता." मी ओठ दाबून बसले. भावाने दोन्ही चित्रांकडे बघितलं. मी मनात आकडे मोजत होते, तीसपर्यंत आले. त्याने सरबताला हात लावला. जानेवारीचा महिना, बाहेर थंडी. मी चाळीस वर्षं पैजेवर सांगितलं असतं की चहा.

दिवाळीत तो घरी येतो, दोन रात्री. तिसऱ्या सकाळी स्लिपर घालून दाराशी उभा राहतो. पहिल्या वर्षी आई रडली. मागच्या वर्षी तिने त्याची चकलीची पिशवी आदल्या रात्रीच भरून दाराला अडकवून ठेवली होती.

मी दर गुरुवारी साडेपाचला जाते. मेट्रोची फेरी झालेली असते, लाइट आलेली असते. माझ्या पर्समध्ये त्या फ्लॅटची किल्ली आहे, संस्थेने दिलेली, अडीअडचणीला. ती वापरायची नाही हे मी स्वतःशी ठरवलंय. घंटा एकदाच वाजवायची, दोनदा वाजवली तर तो आत परत जातो. मग उभं राहायचं. शेजारच्या दारात तुळस आहे, कोणी तरी फोडणी घातलेली असते, खाली मुलं सायकलवरून ओरडत असतात. आत कप बशीत टेकल्याचा बारीक आवाज येतो. मग स्लिपर, फरशीवर, सावकाश. दाराच्या पलीकडे येऊन थांबतात. तो भिंगातून बघतोय की नुसता उभा आहे ते इकडून कळत नाही.

कडी वर गेली. मग पुन्हा खाली आली. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.